आकाशाची मोजदाद, आरोग्याची मोजदाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खगोल सर्वेक्षणे आणि सार्वजनिक आरोग्याची सर्वेक्षणे यांविषयी वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खगोलशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य यांचा एकमेकांशी संबंध तरी काय?

विषय म्हणून फारसा नाही. अडचण मात्र एकच आहे. खगोलशास्त्रज्ञाला तारा प्रयोगशाळेत आणता येत नाही. साथरोगशास्त्रात लशींच्या चाचण्यांसारखे प्रयोग होतात, पण रोग कुठे, कुणाला आणि का होतो हे समजून घेण्यासाठी एखादे गाव मुद्दाम आजारी पाडता येत नाही. त्यामुळे दोघांनाही जे आपोआप घडते आहे ते पाहून, मोजून आणि नकाशावर मांडूनच निष्कर्ष काढावे लागतात. शिवाय दोघांच्याही हाती येणारी मोजणी अपुरी असते: अंधूक तारे दुर्बिणीतून सुटतात आणि दवाखान्यापर्यंत न पोचलेले रुग्ण नोंदवहीतून सुटतात. म्हणून ‘काय दिसले’ एवढ्यावर न थांबता ‘जे होते त्यातले किती दिसू शकत होते’ हे ठरवणे, हेच दोन्ही क्षेत्रांतले खरे कष्टाचे काम आहे. त्यासाठी लागणारी गणिती साधने एका क्षेत्रातून दुसऱ्यात गेल्याची उदाहरणे प्रश्न ८ आणि १० मध्ये आहेत.

२. दुर्बिणीने ‘बघतात’ म्हणजे शास्त्रज्ञ नेमके काय गोळा करतात?

प्रकाशीय दुर्बिणीच्या मागे डोळा नसतो, प्रकाशसंवेदक असतो. त्याच्या प्रत्येक चौकोनात किती प्रकाशकण पडले याचा आकडा ही मूळ नोंद. त्याला वेळ, दिशा आणि कोणत्या रंगाच्या गाळणीतून प्रकाश आला ही माहिती जोडली की तिचा उपयोग सुरू होतो. छायाचित्र नंतर, या आकड्यांतून तयार होते.

रेडिओ दुर्बिणीचा मार्ग आणखी वळणाचा आहे. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या आहेत. एकटी अँटेना चित्र देत नाही. कोणत्याही दोन अँटेनांनी पकडलेल्या लहरींची एकमेकींशी तुलना केली जाते आणि ३० अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी आकाशातील चित्राचा एक लहानसा गणिती अंश मोजते. पृथ्वी फिरत असल्याने तासागणिक जोड्यांची दिशा बदलते आणि नवे अंश मिळत जातात. तरीही काही अंश मोजायचे राहूनच जातात, ते गणिताने भरून काढावे लागतात. प्रसिद्ध होणारे रेडिओ चित्र हा अशा प्रकारे मोजणी आणि अनुमान यांचा संयुक्त परिणाम असतो.

३. खगोल सर्वेक्षणात आकाशातली प्रत्येक वस्तू मोजतात का?

नाही. एका विशिष्ट तेजस्वितेपर्यंतच्या, एका विशिष्ट पट्ट्यातील आणि एका विशिष्ट तरंगलांबीत दिसणाऱ्या वस्तू मोजतात. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या ‘टीजीएसएस’ सर्वेक्षणात आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग आला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत नोंदवले गेले. दक्षिण ध्रुवाकडचा भाग खोडदहून क्षितिजावर पुरेसा येतच नाही, म्हणून तो सुटला. २०१३ मध्ये सोडलेल्या ‘गाया’ या युरोपीय उपग्रहाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची मोजमापे केली आहेत. हा आकडा प्रचंड वाटतो, पण आपल्या आकाशगंगेत साधारण १०० ते ४०० अब्ज तारे असल्याचा अंदाज आहे. म्हणजे ही नोंद दोन टक्क्यांच्याही आत येते. सर्वेक्षणाची किंमत केवळ आकड्याच्या आकारावर ठरत नाही. काय सुटले हे त्यात किती स्पष्ट नोंदवले आहे, हे अधिक महत्त्वाचे असते.

४. आरोग्याची आकडेवारी मुळात कुठून येते?

तिचे तीन-चार निरनिराळे झरे आहेत आणि बातम्यांमध्ये ते सर्रास एकत्र मिसळले जातात.

पहिला झरा दैनंदिन नोंदींचा. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. त्यात उपकेंद्रातील आरोग्यसेविका लक्षणांवरून, प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी निदानाच्या अंदाजावरून आणि प्रयोगशाळा तपासणीच्या निकालावरून माहिती देतात. हे अनुक्रमे एस, पी आणि एल नमुने. एकच डेंगीचा रुग्ण तिन्ही नमुन्यांत येऊ शकतो, म्हणून त्यांची बेरीज करायची नसते. वृत्तपत्रांत ती झालेली दिसते.

दुसरा झरा जन्म-मृत्यू नोंदणीचा आणि तिसरा नमुना सर्वेक्षणांचा. त्यांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस, देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होते. चौथा झरा रोगनोंदणीचा. मुंबईत १९६३ मध्ये लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात नोंदणीसाठी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर भिस्त ठेवता येते. बार्शीच्या परिसरात बरेच रुग्ण रुग्णालयात पोचतच नसल्याने कर्मचाऱ्यांनाच गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून संशयित रुग्ण शोधावे लागले. साधन बदलल्याशिवाय तेथील खरा आकडा कळलाच नसता.

५. आमच्या घरी किंवा गल्लीत एनएफएचएसचे कुणी कधी आले नाही. मग आमच्या जिल्ह्याचा आकडा खरा कसा मानायचा?

पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील ७०७ जिल्ह्यांतून ६,३६,६९९ कुटुंबांच्या मुलाखती झाल्या. जिल्ह्यामागे सरासरी साधारण नऊशे कुटुंबे येतात. त्यामुळे बहुतेकांच्या घरी कुणी न येणे हेच अपेक्षित आहे. आधी गावे किंवा शहरी गट निवडले जातात आणि मग प्रत्येक ठिकाणी घरांची यादी करून त्यातून ठरावीक अंतराने २२ घरे घेतली जातात. घर निवडण्याचा अधिकार मुलाखतकाराला नसतो. निवडलेल्या घराला कुलूप असले तरी शेजारचे उघडे घर घेता येत नाही, कारण दिवसा उघडी असणारी घरे आणि दिवसा बंद असणारी घरे यांतील माणसे सारखी नसतात.

अडचण निराळ्या जागी येते. जिल्ह्याचा लसीकरणाचा आकडा पुरेसा विश्वासार्ह असला, तरी त्याच नमुन्यातून तालुक्याचा किंवा एखाद्या विशिष्ट समाजगटाचा आकडा काढू गेल्यास मोजलेली मुले हाताच्या बोटांवर येतात. अहवालात काही आकडे कंसात दिलेले असतात, ते याच कारणाने. कंस काढून टाकून आकडा उद्धृत करणे हा प्रामाणिकपणा नव्हे.

६. नकाशावर एखाद्या वस्तूची किंवा रुग्णाची जागा कशी ठरवतात?

आकाशात हे काम तुलनेने सोपे आहे, जरी ते पूर्ण सोपे नाही. पृथ्वीवर रेखांश आणि अक्षांश असतात तसे आकाशात विषुवांश आणि क्रांती असतात. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलत असल्याने ही जाळी दरवर्षी सुमारे ५० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकते, म्हणून प्रत्येक सूचीत ‘२००० सालच्या जाळीनुसार’ असा उल्लेख लागतो. जाळी पक्की करण्यासाठी क्वासार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रे, खुणा म्हणून वापरतात, कारण त्यांचे सरकणे जाणवण्याजोगे नसते.

माणसाची जागा ठरवणे फार कठीण आहे. रुग्ण राहतो कुठे, कामाला जातो कुठे, संसर्ग झाला कुठे आणि निदान झाले कुठे ही चार ठिकाणे असू शकतात. निदानाच्या जागेवर ठिपके दिले तर देशभरातून टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांमुळे परळ हा भारतातील सर्वाधिक कर्करोगाचा भाग ठरेल. हे टाळण्यासाठी कर्करोग नोंदणीत रुग्ण त्या क्षेत्राचा किमान एक वर्षाचा रहिवासी असावा अशी अट असते. ती आवश्यक आहे, पण ऊसतोडीसाठी वर्षातले पाच-सहा महिने बाहेर असणाऱ्या बीड जिल्ह्यातील कुटुंबाला अशी कोणतीही अट नीट बसत नाही.

७. जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरांनी नकाशा काढला आणि त्यावरून लंडनमधील कॉलरा थांबला, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग अधिक रंजक आहे.

लंडनच्या सोहो भागात ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री कॉलऱ्याचा उद्रेक झाला आणि अखेरीस त्यात ६१६ मृत्यू नोंदवले गेले. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, हे स्नो यांचे मत त्याआधीपासूनचे होते. त्यांनी मृत्यूंची अधिकृत यादी मिळवली, घरोघर चौकशी केली आणि ७ सप्टेंबरला स्थानिक मंडळापुढे ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाविषयी आपले म्हणणे मांडले. दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला. तोपर्यंत घाबरलेले लोक तो भाग सोडून गेले होते आणि मृत्यू आधीच उतरणीला लागले होते. दांडा काढल्याने नेमका किती फरक पडला हे सांगणे अवघड असल्याचे स्वतः स्नो यांनीही मान्य केले. प्रसिद्ध नकाशा त्यानंतर तयार झाला आणि १८५५ मध्ये छापला गेला. तो शोधाचे साधन कमी आणि युक्तिवाद मांडण्याचे साधन अधिक होता.

नकाशापेक्षा अपवादांनी जास्त काम केले. पंपाजवळच असलेल्या मद्याच्या कारखान्यातील कामगार कॉलऱ्याने मेले नाहीत, कारण ते कारखान्याची बिअर पीत आणि तेथे स्वतःची विहीरही होती. पाचशेहून अधिक माणसांच्या अनाथ-निर्धन गृहात केवळ पाच मृत्यू झाले. त्यांचीही विहीर वेगळी होती. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मरण पावली, आणि तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडत असल्याने ते मुद्दाम गाडीतून मागवले जात होते असे चौकशीत कळले. नुसत्या ठिपक्यांवरून ‘या भागातील हवा वाईट’ असेही म्हणता आले असते, आणि तेव्हाचे बहुतेक डॉक्टर तसेच म्हणत होते. पंपाच्या शेजारी असून वाचलेले आणि दूर असून मेलेले लोक यांनीच हवेचा तर्क मोडीत काढला. पुढे हेन्री व्हाइटहेड या स्थानिक धर्मोपदेशकाने ब्रॉड स्ट्रीटवरील ४० क्रमांकाच्या घरातील आजारी बाळापर्यंत माग काढला. त्या घराचा मैलाखड्डा विहिरीला अगदी लागून होता.

नंतरच्या एका नकाशात स्नो यांनी एक रेषा आखली, जिच्यावरील कोणत्याही जागेपासून ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि दुसरा जवळचा पंप चालत सारख्याच अंतरावर होते. सरळ रेषेतील अंतर न धरता रस्त्याने चालण्याचे अंतर धरणे, ही त्या काळातील फार पुढची कल्पना होती.

८. आमच्या वसाहतीत थोड्याच काळात कर्करोगाचे बरेच रुग्ण आढळले. नकाशावर पुंजका दिसतोच आहे. मग कारखान्याला दोषी का ठरवत नाहीत?

शंका गंभीर आहे आणि तिची चौकशी व्हायलाच हवी. परंतु निव्वळ योगायोगाने टाकलेले ठिपकेही समान पसरत नाहीत; त्यांचेही पुंजके होतात. आधी पुंजका पाहून मग त्याभोवती सीमा आखली, तर तो नेहमीच ठळक दिसणार. म्हणून पहिला प्रश्न असा की वसाहतीतील लोकांची वये आणि संख्या पाहता किती रुग्ण अपेक्षित होते. दुसरा प्रश्न असा की हे सारे एकाच प्रकारचे कर्करोग आहेत का; स्तनाचा, फुप्फुसाचा आणि रक्ताचा कर्करोग यांची बेरीज एका कारणाकडे बोट दाखवू शकत नाही. तिसरा प्रश्न असा की सीमा आणि काळ आधी ठरवले होते की नंतर. नकाशाभर निरनिराळ्या आकारांची वर्तुळे फिरवून, इतक्या सगळ्या वर्तुळांतून एखादे योगायोगानेच उठून दिसण्याची शक्यता किती, हेही हिशेबात घेणारी एक चाचणी यासाठी वापरली जाते.

हाच प्रश्न खगोलशास्त्रज्ञांना दीर्घिकांबाबत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांबाबत, पडला होता. १९५२ मध्ये बर्कली येथील संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन आणि एलिझाबेथ स्कॉट यांनी दीर्घिका गटागटाने कशा विखुरल्या असाव्यात याचे गणित मांडले आणि ते गणित पुढे वनस्पती, अपघात, रोग अशा कितीतरी विषयांत वापरले गेले. आकाशात आणखी एक फसगत होते: एकाच दिशेला दिसणाऱ्या दोन दीर्घिका प्रत्यक्षात एकमेकींपासून अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असू शकतात. २०१७ मध्ये पुण्यातील आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांमधील संशोधकांच्या गटाने जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह खरा मानला गेला, कारण प्रकाशाच्या ताम्रसृतीवरून, म्हणजे दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्या रंगाकडे किती सरकला आहे यावरून, त्यातील समूहांचे अंतरही मोजलेले होते. रोगाच्या नकाशात ही तिसरी मिती काळाची असते. जागेने जवळ असलेले रुग्ण काळानेही जवळ आहेत का, हे पाहिल्याशिवाय पुंजक्याला अर्थ देता येत नाही.

९. नोंद नाही, म्हणजे तो तारा किंवा तो मृत्यू झालाच नाही असे धरायचे का?

मुळीच नाही. उरलेल्या बऱ्याच उत्तरांचा पाया या प्रश्नात आहे.

खगोलशास्त्रज्ञ आपले हुकलेले प्रमाण मोजण्यासाठी एक सरळ युक्ती करतात. खऱ्या प्रतिमेत संगणकाने खोटे तारे पेरायचे आणि नेहमीच्याच पद्धतीने शोध घ्यायचा. एका तेजस्वितेचे हजार पेरले आणि सातशे सापडले, तर त्या तेजस्वितेचे खरे तारेही साधारण सत्तर टक्केच सापडत असणार. इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांत असेच खोटे ग्रह पेरले गेले होते. केप्लरला ग्रह त्याच्या ताऱ्यासमोरून गेला तरच कळे, आणि सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीइतक्या अंतरावर फिरणाऱ्या ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत येण्याची शक्यता जेमतेम अर्धा टक्का आहे. दिसलेल्या अशा एका ग्रहामागे न दिसणारे सुमारे दोनशे धरावे लागतात.

आरोग्यात खोटे मृत्यू पेरता येत नाहीत. तेथे दोनदा मोजतात. कोलकात्याजवळील सिंगूर येथील आकडेवारी घेऊन सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९४९ मध्ये ही पद्धत मांडली. समजा, नोंदवहीत ८० मृत्यू आहेत, घरोघर केलेल्या पाहणीत ९० सापडले आणि दोन्हींत मिळून ७२ समान आहेत. पाहणीला सापडलेल्या ९० पैकी ७२ नोंदवहीत होते, म्हणजे नोंदवही ८० टक्के मृत्यू पकडते. तर एकूण मृत्यू १०० असावेत. प्रत्यक्ष दोन्ही याद्या मिळून ९८ नावे होतात. उरलेले दोन कुणीच पाहिलेले नाहीत, तरी ते हिशेबात आले. भारतातील नमुना नोंदणी पद्धतीत गावातील नोंदकर्ता वर्षभर नोंद ठेवतो आणि दर सहा महिन्यांनी स्वतंत्र पाहणी होते, त्यामागे याच दुहेरी मोजणीचा विचार आहे.

या गणिताची एक अट मात्र फार नाजूक आहे: दोन्ही याद्यांतून सुटणे परस्परांवर अवलंबून नसावे. वस्तुस्थिती अशी की पाड्याच्या टोकाचे घर नोंदवहीतूनही सुटते आणि पाहणीतूनही सुटते, आणि जन्मल्या दिवशी गेलेले बाळ दोन्हीकडे सांगितले जात नाही. अशा वेळी एकूण संख्येचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. खगोलशास्त्रातही सुटणे सरसकट नसते. स्लोन या मोठ्या खगोल सर्वेक्षणात दीर्घिकांचा प्रकाश काचेच्या तंतूंद्वारे घेतला जाई आणि एकाच तबकडीवरील दोन तंतू आकाशात ५५ विकलांपेक्षा जवळ बसवता येत नसत. परिणामी दीर्घिकांची जेथे सर्वाधिक दाटी, तेथेच अधिक दीर्घिका हुकत.

१०. काही नोंदींत ‘मर्यादेपेक्षा कमी’ असे लिहिलेले असते. तेथे शून्य धरावे का?

धरू नये, आणि ती नोंद गाळूही नये. येथे मर्यादा म्हणजे उपकरणाला टिपता येणारे किमान प्रमाण. शून्य धरल्यास सरासरी खोटी खाली येते; गाळल्यास खोटी वर जाते. वैद्यकशास्त्रात याच्याशी जुळणारा प्रश्न जुना आहे: अभ्यास संपला तेव्हा जिवंत असलेला रुग्ण किती वर्षे जगणार हे माहीत नसते, पण ‘निदान पाच वर्षे तरी जगला’ ही माहिती मोलाची असते. १९५८ मध्ये कॅप्लन आणि मायर यांनी अशा अर्धवट नोंदी वापरण्याची रीत दिली. १९८५ मध्ये फायगेलसन आणि नेल्सन यांनी ती खगोलशास्त्रात आणली, जेथे ‘या दीर्घिकेचे क्ष-किरण अमुक मर्यादेपेक्षा कमी आहेत’ अशा नोंदी ढिगाने असतात. रुग्णाचे आयुष्य ‘याहून जास्त’ आणि दीर्घिकेचे तेज ‘याहून कमी’. चिन्ह उलटे केले की गणित तेच.

११. मग एखादा रोग शून्यावर आला, हे कधी सिद्ध होऊच शकत नाही का?

होऊ शकते, पण त्यासाठी शोधणारी यंत्रणा जागी आहे हे आधी सिद्ध करावे लागते. पोलिओ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला की पोलिओची शंका असो वा नसो, नोंद करायची आणि लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे. पोलिओ नसला तरी इतर कारणांनी दर लाख मुलांमागे वर्षाला किमान एकाला असा लुळेपणा येतोच. एखाद्या जिल्ह्यातून असे एकही मूल कळवले गेले नाही, तर तेथे पोलिओ नाही असा अर्थ होत नाही. तेथे कुणी पाहत नाही असा होतो. याच्या जोडीला मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जाऊ लागले, कारण विषाणूची लागण झालेल्या बहुतेक मुलांना लुळेपणा येतच नाही. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळला आणि तीन वर्षांच्या अशा निगराणीनंतर २७ मार्च २०१४ रोजी प्रमाणपत्र मिळाले.

१२. तपासण्या वाढवल्या की रुग्ण वाढतात, हे खरे आहे की पळवाट?

दोन्ही असू शकते. मृत्यूंचे आकडे शेजारी ठेवून पाहावे. दक्षिण कोरियात अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान १९९३ ते २०११ या काळात सुमारे पंधरा पटींनी वाढले, कारण आरोग्य तपासणीत गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र जवळपास तेवढेच राहिले. कधीही त्रास न देणाऱ्या बारीक गाठी शोधल्या जात होत्या, हाच त्यातून निघणारा अर्थ.

खगोलशास्त्रात याची उलट बाजू दिसते. जितके दूर पाहावे तितके केवळ अतितेजस्वी तारेच दिसत राहतात, आणि दूरचे तारे सरासरीने अधिक तेजस्वी असतात असा भास होतो. स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ माल्मक्विस्ट यांनी १९२० च्या दशकात याचे गणित मांडले. रुग्णालयातील रुग्णांवरून रोग किती गंभीर आहे हे ठरवणे ही तीच चूक होय, कारण सौम्य रुग्ण त्या अंतरावरून दिसत नाहीत.

१३. नकाशावर गडद रंग दिसला म्हणजे तेथे रोग जास्त, असे समजावे का?

आधी रंग कशाचा आहे हे पाहावे: रुग्णसंख्येचा असेल, तर तो बहुधा लोकसंख्येचाच नकाशा असतो. दराचा असेल तरी दोन फसव्या गोष्टी उरतात. पहिली क्षेत्रफळाची. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार तेथे सुमारे १०.७ लाख लोक होते. मुंबईचे दोन जिल्हे मिळून सुमारे ६०३ चौरस किलोमीटरचे आहेत आणि लोक १.२४ कोटी. नकाशावर डोळा गडचिरोलीचा रंग पाहतो, मुंबई ठिपक्याएवढी उरते. दुसरी गोष्ट लहान संख्यांची. विरळ रोगाच्या बाबतीत कमी लोकसंख्येच्या तालुक्यात एक रुग्ण आढळला तर दर आभाळाला भिडतो आणि एकही नसला तर तळाला जातो. म्हणून यादीच्या दोन्ही टोकांना बहुधा लहान लोकसंख्येचेच भाग असतात. असे दर शेजारच्या भागांच्या व राज्याच्या सरासरीकडे थोडे ओढून घेऊन नकाशे काढले जातात. ती लपवाछपवी नसते.

आकाशाच्या नकाशात पहिली अडचण ‘हीलपिक्स’ या जाळीने सोडवली आहे. ती गोलाचे समान क्षेत्रफळाचे तुकडे करते, त्यामुळे ध्रुवाजवळील आणि विषुववृत्तावरील तुकड्यांतील मोजणीची थेट तुलना करता येते. जिल्ह्यांच्या सीमा अशा समान आखता येत नाहीत.

१४. चुकीच्या किंवा बनावट नोंदी ओळखतात कशा?

बहुतेक वेळा त्यांच्या आकारावरून. जनगणनेत वयांचा आलेख काढला की ३०, ३५, ४०, ४५ या वयांवर उंच सुळके येतात, कारण नक्की जन्मतारीख माहीत नसलेला माणूस शून्य किंवा पाचने संपणारा आकडा सांगतो. रक्तदाबाच्या नोंदींत शेवटचा अंक शून्यच असेल तर यंत्र वाचले गेले नाही, अंदाज लिहिला गेला, अशी शंका घ्यावी. ऑस्ट्रेलियातील पार्क्‌स रेडिओ दुर्बिणीला अनेक वर्षे विचित्र संकेत मिळत होते. ते कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी आणि जेवणाच्या वेळेच्या आसपास येत, यावरून त्यांचा उगम आकाशात नसावा असा संशय होता. शेवटी २०१५ मध्ये उलगडा झाला की वेधशाळेतील मायक्रोवेव्ह भट्टीचे दार ती बंद होण्याआधीच उघडल्याने ते निर्माण होत होते. नोंदीचे वेळापत्रक माणसाच्या वेळापत्रकाशी जुळू लागले की सावध व्हावे, हे दोन्ही क्षेत्रांत खरे आहे.

१५. जिल्ह्याच्या सीमा बदलल्या तर जुन्या आकड्यांशी तुलना कशी करायची?

थेट करू नये. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड असे आदिवासी तालुके पालघरकडे गेल्याने त्यानंतरच्या ठाण्याच्या कुपोषणाच्या आकड्यांत दिसणारी सुधारणा अंशतः केवळ सीमारेषेची असू शकते. दोन्ही जिल्हे एकत्र धरून किंवा तालुकानिहाय जुने आकडे पुन्हा जुळवून तुलना करावी लागते. रोगाची व्याख्या किंवा वर्गीकरण बदलले तरी हीच दक्षता हवी.

आकाशात तारकासमूहांच्या सीमा आंतरराष्ट्रीय खगोल संघाने कायमच्या ठरवून दिल्या आहेत. तेथे ताराच सीमा ओलांडतो. गरुड समूहातील ‘ऱ्हो’ हा तारा स्वतःच्या गतीने १९९२ मध्ये धनिष्ठा नक्षत्र ज्यात आहे त्या समूहात गेला, पण त्याचे जुने नाव तसेच राहिले आहे.

१६. ताऱ्यांची अचूक जागा जाहीर होते. मग सर्वेक्षणातील गावांची का लपवतात?

ताऱ्याला खासगी आयुष्य नसते. एनएफएचएससारख्या सर्वेक्षणांत एचआयव्ही, गर्भपात, कौटुंबिक हिंसा अशी माहिती विचारली जाते आणि वय, मुलांची संख्या व वस्तीची अचूक जागा कळली तर लहान गावात ती बाई कोण हे शेजाऱ्यांना लगेच ओळखता येईल. म्हणून संशोधकांना देताना वस्तीचे स्थान मुद्दाम हलवले जाते: शहरी वस्ती दोन किलोमीटरपर्यंत, ग्रामीण वस्ती पाच किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण वस्त्यांपैकी एक टक्का दहा किलोमीटरपर्यंत. त्यामुळे ‘दवाखाना दोन किलोमीटरवर असणे आणि तीनवर असणे’ असा बारीक फरक या माहितीतून काढणे चुकीचे ठरते.

१७. सामान्य माणसाला या कामात भाग घेता येतो का?

येतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलॅक्सी झू’ या उपक्रमात सुमारे नऊ लाख दीर्घिकांचे आकार लोकांनी ओळखले. त्यांत घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या दीर्घिका जास्त आढळल्या. संशोधकांनी काही चित्रे आरशातल्यासारखी उलटी करून पुन्हा दाखवली, तरी लोकांचा कल तोच राहिला. दोष आकाशाचा नव्हता, पाहणाऱ्याच्या नजरेचा होता. भारतात २०१३ पासून ‘रॅड-अ‍ॅट-होम’ हा नागरिक-विज्ञान उपक्रम जीएमआरटीच्या प्रतिमांतून वेगळ्या रेडिओ दीर्घिका शोधतो.

आरोग्याच्या बाजूने सर्वांत उपयुक्त काम याहून साधे आहे. घरातील जन्म आणि मृत्यू २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदवावा. या मुदतीत शुल्क लागत नाही. मृत्यू रुग्णालयात झाल्यास कारणाचा दाखला नमुना ४ मध्ये आणि घरी झाल्यास, आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून, नमुना ४-अ मध्ये मिळतो. त्यात ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिलेले असेल तर डॉक्टरांना मूळ आजार लिहिण्याची विनंती करावी. हृदय प्रत्येकाचेच बंद पडते. ते कशामुळे पडले, ही रकाना भरण्याजोगी माहिती होय.